झोपेतले श्वास

आमच्या घरात रोज रात्री साडेदहाच्या सुमारास एक नेम चालतो. जेवणे उरकलेली असतात, टीव्ही बंद झालेला असतो आणि तारा, म्हणजे आमची दहा वर्षांची पॉमेरेनियन कुत्री, दिवाणाखाली गाढ झोपलेली असते. मी वही घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसतो. तिच्या बरगड्या वर येतात आणि खाली जातात, तो एक श्वास. घड्याळातल्या तीस सेकंदांत असे किती झाले ते मोजायचे, दुप्पट करायचे आणि तारखेपुढे आकडा लिहायचा. १८, २०, १८, २२. बायको सुरुवातीला हसायची. आता मी परगावी असलो की तीच मोजते आणि फोनवर आकडा सांगते.

तारा दिवसभर उड्या मारते, दूधवाल्यावर भुंकते. त्यावरून तिच्या हृदयाविषयी जे कळत नाही, ते या आकड्यावरून कळते. एवढी साधी गोष्ट समजायला मला आधी एक कुत्रा गमवावा लागला.

मी पशुवैद्य नाही. सांगलीकडच्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर मी २४ वर्षे बसलो. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो आणि तो भरून घेणे हे माझे काम होते. २०१५ साली आमचा मोत्या गेला तेव्हा त्या रकान्याची मला पहिल्यांदा वेगळी आठवण झाली. मोत्या अकरा वर्षांचा होता. शेजारी म्हणाले, ‘म्हातारा झाला होता, सुटला.’ पण ‘म्हातारा’ हे मृत्यूचे कारण म्हणून माझ्या टेबलावर मी कधी चालू दिले नव्हते.

त्याआधीचे वर्षभर मोत्या खोकत होता. घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला आणि शेवटी ओकारी काढल्याचा आवाज. आम्ही अडुळसा दिला, मध चाटवला. रेबीजच्या लशीसाठी नेले तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून म्हटले होते, ‘थोडा मर्मर आहे, लक्ष ठेवा.’ कशावर लक्ष ठेवायचे हे मी विचारले नाही. शेवटच्या आठवड्यात तो कुशीवर झोपेनासा झाला. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून बसून राहायचा. मे महिना होता, आम्ही पंखा त्याच्याकडे वळवला. एका पहाटे तो गेला. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे कारण मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नंतर मी जे वाचत गेलो, त्यात मोत्याचे शेवटचे वर्ष ओळीओळीने लिहिलेले होते.

कुत्र्याला ‘अटॅक’ येतो का?

कुत्रा अचानक गेला की आपण म्हणतो, ‘अटॅक आला असेल.’ माणसाचा अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी चरबीच्या थराने आणि गुठळीने बंद होणे. कुत्र्यात हा आजार फार विरळा. त्याच्या रोहिण्यांत चरबीचे थर सहसा साचत नाहीत आणि हृदयाच्या स्नायूत पर्यायी रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. कुत्र्याच्या हृदयाची मुख्य दुखणी दुसऱ्या जागी असतात: झडपेत आणि स्नायूत.

झडपेचे दुखणे सर्वांत जास्त आढळते. कुत्र्यांच्या एकूण हृदयरोगांपैकी सुमारे तीनचतुर्थांश वाटा त्याचा मानला जातो. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये द्विदल झडप असते. वयाबरोबर तिच्या पाकळ्या जाड, गाठाळ होतात आणि नीट मिटत नाहीत. खालचा कप्पा आवळला गेला की थोडे रक्त पुढे जाण्याऐवजी मागे वरच्या कप्प्यात उसळते. वर्षानुवर्षे असे झाले की तो कप्पा ताणून मोठा होतो. शेवटी फुप्फुसांकडून येणारे रक्त तुंबते आणि त्यातले पाणी फुप्फुसांत पाझरू लागते. पॉमेरेनियन, डॅशहुंड, चिवावा, पूडल, कॅव्हेलियर स्पॅनियल अशा लहान चणीच्या कुत्र्यांत हे उतारवयात होते. आपल्याकडे चाळीत आणि फ्लॅटमध्ये पाळली जाणारी कितीतरी कुत्री याच गटातली आहेत.

दुसरे दुखणे मोठ्या कुत्र्यांचे. डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर यांच्यात हृदयाचा स्नायूच सैल पडतो, कप्पे फुगतात आणि ठोके दुबळे होतात. याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. डॉबरमनमध्ये ते इतके गुपचूप वाढते की काहींच्या बाबतीत अचानक मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक डॉबरमनना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला दिसला. इथे मर्मर बहुधा ऐकू येत नाही, म्हणून स्टेथोस्कोपने आश्वस्त होणे धोक्याचे असते.

याखेरीज काही पिल्ले जन्मतःच हृदयातला दोष घेऊन येतात. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या कुत्र्यांत कधी गाठीतून रक्तस्राव होऊन हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त भरते आणि धडधाकट दिसणारा कुत्रा तासाभरात कोसळतो. अनेकांना वाटणारा ‘अटॅक’ तो हाच असू शकतो.

घरातल्या माणसाने काय पाहायचे

कुत्रा आपली दमणूक लपवतो. जिना चढवत नसेल तर तो खाली थांबतो, आणि आपल्याला वाटते, शहाणा झाला. म्हणून नुसते ‘खातोय-पितोय’ यावर विसंबून चालत नाही.

पहिली गोष्ट झोपेतले श्वास. गाढ झोपेतल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात, बहुतेकांचे त्याहून बरेच कमी. फुप्फुसांत पाणी साचू लागले की खोकला किंवा धाप दिसण्याआधी हा आकडा चढतो. मोजताना कुत्रा खरोखर झोपलेला हवा. जीभ बाहेर काढून धापत असताना, नुकताच खेळून आल्यावर किंवा स्वप्नात पाय हलवत असताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. आधी आठवडाभर मोजून आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा ठरवावा. मग तो एकाएकी वाढला, किंवा पुन्हा मोजूनही ३० च्या वर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

दुसरी गोष्ट खोकला. इथे मी मोत्याच्या बाबतीत चुकलो, पण उलटी चूकही तितकीच होते. लहान कुत्र्यांची श्वासनलिका सैल पडून चपटी होण्याचा एक वेगळा आजार असतो. त्यात हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येतो आणि तो वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हाताऱ्या पॉमेरेनियनला मर्मरही असतो आणि हा खोकलाही असतो. म्हणून खोकला हृदयामुळेच असे धरून लघवी वाढवणारे औषध सुरू केले तर मूत्रपिंडांवर विनाकारण ताण पडतो. खोकल्याचे मूळ कोणते हे छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय ठरत नाही.

तिसरी गोष्ट भोवळ. दारावरची घंटा वाजली, कुत्रा आनंदाने धावला आणि मध्येच लुळा होऊन पडला. अर्ध्या-एक मिनिटात उठून जणू काही झालेच नाही असा चालू लागला. अशी भोवळ बहुधा हृदयाची असते. फेफऱ्यात जबडा चावल्यासारखा हलतो, लाळ गळते, पाय वल्ही मारल्यासारखे चालतात आणि नंतर बराच वेळ कुत्रा गोंधळलेला राहतो. दोन्हींचे उपचार वेगळे आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन्ही संपलेले असतात. म्हणून घाबरलेल्या अवस्थेतही कुणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांना त्याचा आपल्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग होतो.

याशिवाय फिरायला गेल्यावर मध्येच बसकण मारणे, पाठीवरचे मांस झडणे, पोट पाण्याने फुगणे, रात्री जागा बदलत राहणे ही लक्षणे आहेत. आणि कुत्रा कोपरे फाकवून, मान ताणून श्वास घेत असेल, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्याफटक दिसत असतील, तोंडाला गुलाबी फेस येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मोत्याच्या वेळी मी पाहिली.

एका गोष्टीने मात्र उगाच घाबरू नये. विश्रांती घेणाऱ्या निरोगी कुत्र्याच्या छातीवर हात ठेवला तर ठोके अनियमित लागतात. श्वास आत घेताना जलद, सोडताना संथ. ही त्याच्या प्रकृतीची खूण आहे. हृदय थकू लागले की उलट हा चढउतार नाहीसा होतो आणि ठोके घड्याळासारखे, पण भरभर पडू लागतात.

जिमी नावाचा बुलडॉग

हे वाचता वाचता मी इतिहासाकडे वळलो आणि एक विसंगती समोर आली. आपल्या परंपरेत घोड्यांसाठी शालिहोत्राचे शास्त्र होते, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त शिकारी कुत्र्यांना जागा आहे, ती राजाच्या विनोदांमध्ये. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वैद्यकाचे मुख्य गिऱ्हाईक घोडे आणि गुरे हेच होते. ज्याच्या श्रमावर राज्य आणि शेती चालते त्याचे वैद्यक आधी तयार होते. कुत्र्याची पाळी शेवटी आली.

पण हृदयाचे विज्ञान उभे राहिले त्यात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली छाती न उघडता, शरीराच्या पृष्ठभागावरून माणसाच्या हृदयातल्या विजेची नोंद घेतली. आजच्या ईसीजीची ती सुरुवात. वॉलर यांचे प्रयोग दाखवण्यासाठी अनेकदा त्यांचा पाळीव बुलडॉग जिमी पाय मिठाच्या पाण्यात बुडवून शांत उभा राहत असे. १९०९ साली रॉयल सोसायटीतल्या अशा प्रात्यक्षिकानंतर ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला की हे क्रौर्य नाही का. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी खुलासा केला, त्याचा आशय असा की समुद्रात पाय बुडवणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढाच त्या कुत्र्याला झाला.

जिमीच्या पायांतून माणसाच्या ईसीजीचा रस्ता निघाला. कुत्र्यांना स्वतःला हृदयाचे कोणते आजार होतात याची पद्धतशीर मोजदाद मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड डेटवायलर आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी जवळपास ५,००० कुत्री तपासली आणि १९६५ मध्ये निष्कर्ष मांडले. कोणत्या वयात, कोणत्या जातीत, कोणता आजार, याचा नकाशा त्यातून तयार होऊ लागला. माझ्यासारख्या नोंदणी कारकुनाला हे काम जवळचे वाटले. पाच हजार जणांच्या कारणाचा रकाना त्यांनी कोरा सोडला नाही.

मर्मर हे निदान नव्हे

मर्मर म्हणजे रक्त खळखळल्याचा आवाज. तो १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. पहिली श्रेणी शांत खोलीत, लक्षपूर्वक ऐकल्यावरच कळते. पाचव्या-सहाव्या श्रेणीत छातीवर ठेवलेल्या तळहातालाही थरथर जाणवते. पण आवाज फक्त गळती आहे एवढेच सांगतो. हृदय त्या गळतीने किती ताणले गेले आहे हे तो सांगत नाही, आणि औषध द्यायचे की नाही हे त्यावरच ठरते.

तारा आठ वर्षांची असताना लशीच्या वेळी आमच्या डॉक्टरांना मर्मर ऐकू आला. या वेळी मी विचारले, ‘कितव्या श्रेणीचा? आणि पुढे काय करायचं?’ ते म्हणाले, ‘तिसऱ्या. एको करून घ्या. पण तो कुत्र्यांचे एको नेहमी करणाऱ्याकडेच करा.’ त्यांचे हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. अमेरिका-युरोपात पशुहृदयरोगतज्ज्ञ ही वेगळी परीक्षा देऊन मिळणारी मान्यता आहे. आपल्याकडे पशुवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे हृदयाचे काम करणारे डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत आणि पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत भेटतात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. जाण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये: कुत्र्यांचे एको तुम्ही नियमित करता का, आणि अहवालात मापे लिहून देता का?

आम्ही पहाटे निघून पुण्याला गेलो. बरोबर श्वासांची वही, खोकल्याचे चित्रण, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या. तिथे तीन गोष्टी झाल्या.

एक्स-रेवर हृदयाची लांबी आणि रुंदी त्याच कुत्र्याच्या मणक्यांच्या पट्टीने मोजतात आणि दोन्हींची बेरीज करतात. ही पद्धत १९९५ मध्ये बुकॅनन आणि ब्यूशेलर यांनी मांडली. सर्वसाधारणपणे साडेदहा मणक्यांपर्यंत ठीक, जातीनुसार थोडे इकडेतिकडे. फुप्फुसांत पाणी आहे का हेही एक्स-रेवरच दिसते.

ईसीजीने ठोक्यांची लय कळते. डॉबरमनसारख्या कुत्र्यांत दोन मिनिटांचा ईसीजी पुरत नाही. जाकिटात बसवलेले होल्टर यंत्र २४ तास लावून ठेवतात, कारण घातक ठोके दिवसातून मोजकेच पडत असतील.

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्यात झडपेची पाकळी हलताना दिसते. सर्वांत महत्त्वाचे माप डाव्या वरच्या कप्प्याचे, आणि त्याची तुलना शेजारच्या महाधमनीशी करतात. झडपेच्या या आजारात महाधमनीची रुंदी सहसा बदलत नाही, म्हणून तीच त्या कुत्र्याची मोजपट्टी. गुणोत्तर १.६ किंवा अधिक असेल तर कप्पा मोठा झाला असे धरतात. या तपासणीला भूल सहसा लागत नाही. मी ताराचे डोके धरून होतो आणि ती माझा अंगठा चाटत होती.

ताराचे गुणोत्तर १.४ निघाले. डॉक्टर म्हणाले, ‘औषध नको. श्वास मोजत राहा, वर्षाने या.’ एवढ्या लांब येऊन औषध नाही, म्हणून क्षणभर फसवणूक झाल्यासारखे वाटले. मग लक्षात आले की नको असलेले औषध वाचणे हाही तपासणीचाच लाभ आहे.

झडपेच्या आजाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए म्हणजे जातीमुळे धोका आहे, आजार नाही. बी-१ म्हणजे गळती आहे, हृदय ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणलेले नाही. बी-२ म्हणजे हृदय मोठे झाले आहे, पण लक्षणे नाहीत. सी म्हणजे फुप्फुसांत पाणी आले किंवा पूर्वी येऊन गेले. डी म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद मिळत नाही. बी-१ आणि बी-२ मधली रेषा कुत्र्याकडे पाहून दिसत नाही. ती मापांतच दिसते.

त्या रेषेचे मोल २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ अभ्यासाने दाखवले. अकरा देशांतली बी-२ पायरीवरची ३६० कुत्री. निम्म्यांना पिमोबेंडन हे औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. हृदय हरण्यापर्यंतचा किंवा त्यामुळे मृत्यू येण्यापर्यंतचा मध्यम काळ औषधाविना ७६६ दिवस, औषधासह १,२२८ दिवस. म्हणजे सुमारे पंधरा महिने जास्त. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने लहान नसतात. मात्र हा लाभ हृदय मोठे झालेल्या कुत्र्यांत दिसला. म्हणून ‘मर्मर आहे ना, मग गोळी सुरू करू’ हे बरोबर नाही आणि ‘लक्षणं दिसतील तेव्हा बघू’ हेही नाही.

फुप्फुसांत पाणी आल्यावर फ्युरोसेमाइड लागते, सोबत इतर औषधे, आणि मूत्रपिंडांसाठी वेळोवेळी रक्ततपासणी. पापड, फरसाण, लोणच्याचा खार अशा खारट गोष्टी ताटाखाली जाऊ देऊ नयेत. घरातल्या आजोबांची हृदयाची गोळी अर्धी करून देण्याचा विचार तर मनातही आणू नये. ‘हार्ट फेल’ हा शब्द ऐकून हातपाय गाळू नयेत. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही, त्याची ताकद कमी पडते आहे एवढाच आहे. नीट उपचारांवर अनेक कुत्री त्यानंतरही काही महिने, काही वर्षभर किंवा अधिक चांगली जगतात.

चौदा महिन्यांनी पुन्हा पुण्याला गेलो. गुणोत्तर १.७, एक्स-रेवर हृदय अकरा मणक्यांचे. तारा तशीच उड्या मारत होती, वहीतले आकडेही विशीच्या आसपासच होते. मापे घेतली नसती तर कुणालाही काही कळले नसते. त्या संध्याकाळपासून दर बारा तासांनी तिला पिमोबेंडन चालू आहे, रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर.

नोंदणीच्या टेबलावर मी एक शिकलो होतो. मेलेला माणूस स्वतःचे कारण सांगत नाही, ते जवळच्या माणसाला सांगावे लागते. कुत्रा जिवंत असतानाही सांगत नाही. यंत्रे पुण्या-मुंबईत आहेत, तज्ज्ञ तिथे आहेत, पण त्यांच्यापर्यंत खबर पोहोचवणारा साक्षीदार घरातलाच असतो. त्याला शिक्षण लागत नाही. घड्याळ, वही आणि अर्धा मिनिट पुरते.

वहीच्या पहिल्या पानावर मी मोत्याचे नाव लिहिले आहे. त्याच्यापुढचा रकाना कोरा आहे, तो आता भरता येणार नाही. कालच्या तारखेपुढे ताराचा आकडा आहे: २०. आज रात्री पुन्हा मोजायचे आहेत.